खोलीकडची बाजू

सिंगापुरात, पाया लेबारच्या मॉलच्या तळघरात, फूड कोर्टात जेवता जेवता उल्काच्या मानेवर पाण्याचा एक थेंब पडला. केस वर बांधले की मान जिथे उघडी राहते, नेमका तिथे. थेंब चांगलाच बोचरा होता. अंगावर सर्रकन काटा आला आणि चमच्यातलं तोफू पुन्हा वाटीत जाऊन पडलं. दुसरी कुणी असती तर ‘शी’ म्हणून खुर्ची सरकवून मोकळी झाली असती. पण छत दिसलं की आधी पाइप शोधायचे, हा उल्काचा जुना रोग. लग्नाच्या हॉलमध्ये, देवळात, लेकीच्या, इराच्या, शाळेतल्या कार्यक्रमातसुद्धा ती मान वर करून बसते आणि वरुण, म्हणजे तिचा नवरा, तिला कोपराने ढोसत राहतो. तिने वर पाहिलं. छताच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून एसीचं गार पाणी नेणारा पाइप दिसत होता. त्याच्यावरचं काळं फोमचं आवरण एका जागी फाटलं होतं आणि तेवढ्या जागी पाइपला दरदरून घाम फुटला होता. टेबलं पुसणारी आंटी ट्रॉली ढकलत आली, तिनेही वर पाहिलं आणि म्हणाली, “एव्हरी डे लाइक धिस, लाह. यू सिट देअर. देअर नो रेन.” उल्का हसली, पण उठली नाही. बिचारा पाइप, तिच्या मनात आलं, खोलीपासून नीट वाचवला नाही त्याला कुणी. तिची रोजीरोटीच ती होती. या शहरात पाइप गार आणि बाहेरची हवा गरम, दमट, लोचट. जरा फट मिळाली की ती पाइपला बिलगते आणि पाणी होऊन लोकांच्या मानेवर टपकते. म्हणून पाइपला खोलीपासून तोडायचं. खोलीकडच्या बाजूला फोम, फोमवर चंदेरी टेप, कुठे सुईच्या टोकाएवढी फट ठेवायची नाही. हे काम आपण झोपेतसुद्धा करू शकतो, असं तिला नेहमीच्या अभिमानाने वाटलं, आणि ‘झोपेत’ हा शब्द मनात उमटला मात्र, ती खुर्चीवर ताठ झाली. झोपेतच तर केलं होतं तिने. लडाखचं ड्रॉइंग.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. समोर वाटीत सूप निवत होतं, भोवती ऑफिसातली माणसं ट्रे घेऊन जागा शोधत होती, आणि हिच्या डोळ्यांसमोर एक मातीची भिंत उभी राहिली, जी तिने आयुष्यात कधी पाहिली नव्हती. लेहच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथे मेधा मुलींचं होस्टेल बांधत होती. मेधा म्हणजे पुण्यातली तिची रूम पार्टनर. आर्किटेक्ट झाली, एका उन्हाळ्यापुरती म्हणून लडाखला गेली आणि मातीची घरं बांधत तिथलीच होऊन बसली. उल्का नाशिकची, ती पाइपांमागे लागून सिंगापूरला आली; आधी एम्प्लॉयमेंट पास, मग पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मग पुंगोलला फ्लॅट. मधली कैक वर्षं दोघींमध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही उरलं नव्हतं. आणि मग गेल्या हिवाळ्यात मेधाचा अचानक फोन आला होता. “तुला पाइप कळतात ना गं? मग मला तुझं डोकं हवंय. फुकट.” तिकडे हिवाळ्यात शाळा बंद असते, पण दूरदूरच्या वाड्यांमधल्या दहावीच्या मुली बोर्डाच्या अभ्यासासाठी गावात येऊन राहतात. त्यांच्या दिवसाचा निम्मा वेळ पाण्यात जातो. ओढ्यावरचा बर्फ फोडायचा, डबे भरायचे, चढ चढून आणायचे. वह्या धरणाऱ्या बोटांना भेगा. मेधाला त्या होस्टेलमध्ये सबंध हिवाळा चालणारा नळ हवा होता. गावातले जाणते म्हणाले होते, पाइप फुटणार, पैसे आणि कष्ट दोन्ही पाण्यात. मेधा हट्टाला पेटली होती. एकदा फुटला तर पुन्हा कुणी नळाचं नाव काढू देणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि तिने ते उल्काला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

उल्काने त्या कामावर जीव टाकला होता. ज्या बाईला घरच्या फ्रीजबाहेर बर्फ पाहिल्याचं आठवत नव्हतं तिने पुंगोलच्या फ्लॅटमध्ये पंखा पाचवर ठेवून, कपाळाचा घाम पुसत, गोठणाऱ्या पाण्याचा अभ्यास केला. पाणी गोठताना फुगतं हे शाळेतलंच. पण तिला ते बघायचं होतं. मग तिने तांब्याच्या नळीचा तुकडा पाण्याने भरून दोन्ही टोकं बंद केली आणि इराच्या आइस्क्रीमशेजारी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी इरा तो तुकडा चिमटीत धरून आली, “ममी, व्हाय अवर फ्रीज गॉट बॉम्ब?” तांबं वाटाण्याच्या शेंगेसारखं उकललं होतं. उल्का ते हातात घेऊन नाचायचीच बाकी राहिली. वरुण सोफ्यावरून म्हणाला, “उंटावरून शेळ्या हाकतेयस, उल्का. कधी थंडी बघितलीयेस का तू?” “निफाडला बघितलीये,” ती म्हणाली होती, आणि तो हसला होता, कारण निफाडची थंडी ही पुण्यामुंबईच्या माणसाला पेपरातली बातमी असते. पण बाकी सगळं तिने चोख केलं होतं. पाण्याची टाकी स्वयंपाकघराच्या वर, घरातल्या घरात. तिथून पाइप खाली, तोही धुराड्याच्या भिंतीला धरून. सगळ्या पाइपला उतार, आणि सर्वांत खालच्या जागी एक कॉक, म्हणजे वेळ आली तर सगळं पाणी काढून पाइप रिता करता येईल. एकच तुकडा कठीण होता. न्हाणीघरं पलीकडच्या टोकाला असल्यामुळे पाइपला मुलींच्या झोपायच्या खोलीतून, उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीला धरून जावं लागत होतं. तो तुकडा तिने शेवटी काढला, एका बैठकीत, आणि तिथे हाताने डोक्याला विचारलंच नाही. मातीच्या भिंतीला पाइप चिकटवला. त्याला फोम गुंडाळला. फोमवर चंदेरी टेप. मग पाइप आणि खोली यांच्यामध्ये ठासून मेंढीची लोकर आणि वरून लाकडी फळ्या. इतकं देखणं झालं होतं ते चित्र! संजीवने, तिच्या बॉसने, ते पाहून “टेक्स्टबुक!” म्हटलं होतं. तोही मुंबईचा, त्यानेही बर्फ पाहिला तो ग्लासातच. दोघं एकमेकांवर खूश होऊन कॉफी प्यायला गेले होते.

आता त्या फूड कोर्टात, मानेवरचा ओघळ पाठीत उतरत असताना, तिला ते चित्र उलटं दिसलं आणि मग त्याच्याकडे सुलटं बघणं अशक्य झालं. तिथे खोली पाइपची वैरीण नव्हती. तिथे पाइपला जगात एकच सखी होती, ती खोली. बुखारीची, म्हणजे तिथल्या लोखंडी शेगडीची, ऊब, दिवसभर दक्षिणेच्या काचेतून शिरलेलं ऊन, दाटीवाटीने झोपलेल्या मुलींचे श्वास. आणि उल्काबाईंनी काय केलं होतं, तर पाइपला नेऊन गोठणाऱ्या भिंतीला टेकवलं होतं आणि ऊब पोचू नये म्हणून मध्ये लोकर भरली होती. तान्ह्या बाळाला अंगणात ठेवावं आणि दाराला रजई गुंडाळावी, तसला प्रकार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिला खरं तर लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण उशिरा. तिच्याआधी वाटला आनंद. असा जोरकस, पोटातून उसळलेला आनंद की तिने टेबलावर हात आपटला आणि समोरचा मुलगा नूडल्स तोंडात तशाच लोंबत ठेवून तिच्याकडे बघायला लागला. कळलं होतं तिला! इतके महिने ती तक्ते पाठ करत होती, आणि थंडी तिला आत्ता कळली, मानेच्या कातडीला. थंडी कुठून येत नसते, ऊब निघून जात असते. ही ओळ तिने किती पुस्तकांत वाचली होती आणि पुढे गेली होती. आता तिला त्या ओळीचं काय करू आणि काय नको असं झालं.

आणि मग निफाड आपणहून आलं. सुलेखामावशीची द्राक्षबाग, डिसेंबरची सुट्टी, एक अशी सकाळ की ओट्यावरच्या बादलीतल्या पाण्यावर कागदासारखी पातळ काच धरली होती आणि छोट्या उल्काने ती बोटाने फोडली होती. बागेत ठिकठिकाणी शेकोट्या विझत आलेल्या, धूर जमिनीलगत पसरलेला, काका आणि गडीमाणसं डोळे चोळत वेलींची पानं उलटीपालटी करून बघत होती. रातोरात दव गोठलं होतं. बागेतली कोवळी पानं काळी पडून लोळली होती. थंडीने जाळलं, असं काका म्हणाले, आणि थंडी जाळते कशी हे तिला कळेना, म्हणून ती प्रत्येक रांगेतून फिरत जळलेली पानं मोजत सुटली. फिरता फिरता गोठ्यापाशी आली. गोठ्याच्या भिंतीला लागून एक रांग होती. तिचं एक पान करपलं नव्हतं. हिरवीगार, दवाने निथळत उभी. भिंतीच्या आत दोन गाई आणि एक म्हैस रवंथ करत होत्या. भिंतीला हात लावला तर ती कोमट होती. मावशी म्हणाली, “जनावरांच्या अंगाची ऊब गं. भिंतीतनं येते.” उल्का किती तरी वेळ गाल त्या भिंतीला लावून उभी राहिली होती, शेणामातीचा वास, आतून येणारा फुरफुर आवाज, एका गालाला ऊब आणि दुसऱ्या गालाला सुरी लावावी तशी हवा. इतकं सगळं आपल्याला माहीत होतं, तिच्या मनात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने सरकत्या जिन्याच्या पायऱ्या धावत चढायला सुरुवात केली तेव्हा वाटी, छत्री आणि ऑफिसचा पास तिन्ही टेबलावरच राहिली होती. आंटीने मागून हाक मारली, “हेलो! युअर पास!” म्हणून तिला परत उतरावं लागलं.

धावण्याला कारण होतं. सकाळीच मेधाचा निरोप आला होता: ‘आज मुलींच्या खोलीची भिंत बंद. सुतार काम संपवून निघणार, मग थेट मे महिन्यात. पुढच्या आठवड्यात पाणी सोडते. जिंकलो गं!’ आणि उल्काने उत्तर म्हणून टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते. एक नाही, ओळभर. मॉलबाहेर रस्त्यावर दमट ऊन नुसतं भाजत होतं. तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. बांधकामाच्या जागी रेंज नसते हे तिला माहीत होतं. गावाच्या वर एक वळण आहे, तिथे उभं राहिलं तरच फोन लागतो, आणि मेधा चहाच्या सुट्टीत तिथे चढून निरोप बघते. म्हणजे आता सगळं मेधाच्या चहावर आलं. तिकडे सिंगापूरपेक्षा अडीच तास मागे. सुतार अजून फळ्या ठोकत असतील. उल्काला ते हातोडे ऐकू यायला लागले. प्रत्येक खिळ्यागणिक पाइप आणखी एकटा पडत होता. तिने निरोप लिहिला, ‘भिंत बंद करू नकोस’, मग ‘थांब’, मग ‘मेधा फोन कर’, मग नुसतंच ‘मेधा’. दुपारच्या त्या गर्दीत ती फुटपाथवर येरझाऱ्या घालत होती आणि तिला जाणवलं की आपण हसतोय. घाबरलेली होती, आणि ओठ हसत होते. परीक्षेत शेवटच्या मिनिटाला गणित सुटावं आणि बाई पेपर ओढून घेत असाव्यात, तसं काहीतरी.

संजीव तिला तिथेच भेटला. जेवून येत होता, हातात आइस कोपीची, म्हणजे गार कॉफीची, पिशवी.

“काय गं, उन्हात काय करतेस? दोनला मीटिंग आहे.”

“संजीव, लडाखचं ड्रॉइंग चुकलंय. लोकर चुकीच्या बाजूला आहे. आपण पाइपला खोलीपासून तोडलाय.”

तो कोपी चोखत ऐकत होता. हुशार माणूस, त्याला फार समजवावं लागलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून ते चित्र सरकताना तिला दिसलं, आणि मग त्याचेही डोळे उघडले. “अरे देवा,” तो म्हणाला. “एसीच्या चिल्ड वॉटरचंच डिटेल टाकलं आपण.”

“हो!” उल्का जवळजवळ ओरडलीच. “तेच तर!”

“तू इतकी खूश का आहेस पण?” तो म्हणाला, आणि मग त्याच्यातला मॅनेजर जागा झाला. “हे बघ, असं फोनवर काही सांगू नकोस. कंपनीचं नाव आहे त्या ड्रॉइंगवर. रिवाइज्ड ड्रॉइंग काढू, मी चेक करतो, आठवड्याभरात रीतसर पाठवू. भिंत काय, स्प्रिंगमध्येही उघडता येईल.”

“मुली हिवाळ्यात राहणारेत, संजीव. स्प्रिंगमध्ये नाही.”

“आणि आता घाईत सांगितलेलं पण चुकलं तर? मग तर तू लेखीसुद्धा काही दिलेलं नसणार.”

हा प्रश्न तिच्या आनंदात खड्यासारखा लागला. खरंच होतं त्याचं. कालपर्यंत तिला पहिल्या चित्राचीही एवढीच खात्री होती. ती काही बोलणार, एवढ्यात हातातला फोन वाजला. मेधा! संजीवने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि देव जाणे त्याच्या मनात काय आलं; “मी काही ऐकलेलं नाही,” म्हणून तो वळून चालायला लागला.

फोनमध्ये आधी नुसता वारा होता. मग मेधाचा आवाज, धापा टाकत. “काय झालं गं? सोळा मेसेज! कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. मेधा, ऐक, कट करू नकोस. भिंत झाली का?”

“झाली की. मघाशीच. अप्रतिम झालीये. फोटो पाठवते.”

“उघड.”

“काय?”

“फळ्या काढ. लोकर काढ. मी चुकले गं, साफ चुकले. मी पाइपला तुमच्यापासून वाचवत बसले, त्याला बाहेरच्या भिंतीपासून वाचवायला हवं. खोलीची ऊब त्याला मिळायला पाहिजे, आणि मी मध्ये लोकर भरलीये. पहिल्या थंडीत फुटेल तो.”

वाऱ्याचा आवाज. उल्काला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि घालाव्यात, तिचा हक्कच आहे. पण मेधा म्हणाली, “थांब. जीप. सुतार जीपमध्ये बसतायत. मला इथून दिसतायत.” आणि मग ती धावायला लागली. फोन तसाच हातात असावा. उल्काला दगड घरंगळताना ऐकू आले, मेधाचा श्वास, त्या विरळ हवेत फाटलेला, आणि “ओ भैया! रुको! रुको!” ही आरोळी, एकदा जवळून, एकदा लांबून. उल्कासुद्धा चालायला लागली, मग भराभर, मग धावतच सुटली, कुठे ते तिलाही ठाऊक नव्हतं. पाया लेबारच्या फुटपाथवर ऑफिसच्या चपला फटफटत, फोन कानाला गच्च दाबून, “धाव, मेधा, धाव,” म्हणत. लोक बाजूला होत होते. पुण्याच्या होस्टेलवर असताना शेवटची बस पकडायला दोघी अशाच धावायच्या, पुढे मेधा, मागे ती. मग कुठलंसं वळण संपलं असावं. आवाज तुटला. फोन गप्प झाला.

मीटिंगमध्ये कुठल्या मॉलच्या कुठल्या मजल्याबद्दल बोलणं चाललं होतं ते तिला पुढे कधीही आठवलं नाही. एसी नेहमीसारखा कडक होता, आणि तिला तो पहिल्यांदाच नीट कळत होता: गार वारा येत नव्हता, तिच्या दंडांतून ऊब काढून नेली जात होती, थोडी थोडी, सभ्यपणे. किती वर्षं आपण या खोल्यांमध्ये बसलोय शाल पांघरून, तिच्या मनात येत होतं. आईचा फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहे’, थोरल्या बहिणीने, नंदाताईने, गौरीच्या सणाला बोलावलं की ‘इराची परीक्षा’. त्रास नको म्हणून एकेक फट बुजवत आणलेली. तिने तो विचार बाजूला सारला. त्याच्याकडे नंतर बघता येईल, आत्ता भिंत होती. टेबलाखाली फोन थरथरला. मेधा परत वळणावर चढून आली होती: ‘जीप थांबवली. दोघं थांबलेत, तासभर म्हणतात. फळ्या काढल्या. आता नक्की काय? सगळी लोकर काढू? हो की नाही ते लिही, मी इथेच उभी आहे.’

बोट अक्षरांवर टेकलं आणि थबकलं. समोर संजीव पडद्यावर काही दाखवत होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम नजर काढून घेतली. आणि आता चुकलीस तर? तो प्रश्न आला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. खोली गार पडली तर? मुलींनी बुखारी विझवली तर? उघडा पाइप खोलीत, आणि खोलीतच बर्फ? तिला विचारायला कुणी नव्हतं. पुस्तकं होती, पण पुस्तकांनी तिला सकाळपर्यंतही सगळं बरोबरच सांगितलं होतं. तिने डोळे मिटले आणि ती त्या खोलीत गेली. उत्तरेच्या भिंतीशी उभी राहिली, जिथे तिने पाय ठेवलेला नव्हता. पाठ भिंतीला केली, तर पाठ गोठली. तोंड खोलीकडे केलं, तर समोर अंथरुणं, चहाचा वास, कुणीतरी खोकतंय, कुणीतरी पुटपुटत इतिहास पाठ करतंय. पाठीला लोकर हवी, तोंडावर नको. एवढं साधं होतं. तिने लिहिलं: ‘बाहेरच्या बाजूला सगळी लोकर भर, होईल तेवढी. पाइप भिंतीपासून सोडवून खोलीत पुढे घे. खोलीकडच्या बाजूला काही नको. फोम नको, टेप नको, लोकर नको, फळी नको.’ मग आणखी: ‘खोली रिकामी राहणार असेल तर कॉक उघडून पाइप रिता करायचा. मुली आहेत तोवर पाइप मुलींबरोबर.’

उत्तर लगेच आलं: ‘दिसेल ना पण तो? भिंतीवर उघडा?’

उल्काला हसू आवरेना. आयुष्यभर तिने पाइप लपवण्याचाच पगार घेतला होता. ‘दिसू दे,’ तिने लिहिलं, आणि पाठवलं, आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

त्यानंतरचे दिवस ती धड घरात नव्हती आणि धड बाहेर नव्हती. पुंगोलच्या खिडकीतून पाण्यावर चमकणारं ऊन बघत ती रोज सकाळी फोनवर त्या गावाचं तापमान काढायची. नोव्हेंबरात आकडा शून्याखाली उतरला तेव्हा तिने देवाला साखर ठेवली, आणि वरुणने विचारलं तर म्हणाली, “असंच.” आकडा खाली खाली जात राहिला. मेधाचे निरोप तुटक यायचे, पाणी येतंय, मुली आल्या, अभ्यास चालू, मुलींनी पाइपवर मोजे वाळत घातलेत. पण खरी थंडी अजून यायची होती, आणि ते दोघींनाही माहीत होतं. उल्का बसमध्ये, लिफ्टमध्ये, कुठेही असली तरी तिच्या डोक्यात त्या भिंतीच्या एका बाजूला काळोख दबा धरून असायचा आणि दुसऱ्या बाजूला मुली झोपलेल्या असायच्या, आणि मध्ये तिचा पाइप. भीती वाटायची, आणि त्या भीतीत कसलीशी धुंदी होती. इतकं जिवंत तिला किती तरी वर्षांत वाटलं नव्हतं. “ममी, यू सो हॅपी फॉर व्हॉट?” इरा विचारायची. जानेवारीत एके रात्री मेधाचा निरोप आला की गावात तळ्याचा बर्फ तडकल्याचे आवाज ऐकू येतात, लेहमधल्या हॉटेलांचे पाइप फुटलेत, आणि आजची रात्र सगळ्यांत वाईट आहे म्हणतात. ‘सकाळी सांगते,’ तिने लिहिलं होतं. उल्काने वरुणला उठवून ते वाचून दाखवलं. तो काहीही चेष्टा न करता म्हणाला, “टिकेल गं.” त्यालाही कळलं होतं म्हणजे.

सकाळी एलआरटीत, पुंगोलच्या छोट्या लोकल गाडीत, गर्दी होती. शाळेची, ऑफिसची. इरा दप्तर पोटाशी धरून दाराशी उभी, उल्का तिच्यामागे खांब पकडून. फोन वाजला तेव्हा तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, थंडी सगळ्यांत जास्त असते ती वेळ. उल्काला फोन उचलायला भीती वाटली. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण कानाशी न्यायला हात उचलेना.

“आहेस का?” मेधाचा आवाज, कुजबुजता, दात वाजत असलेला. ती होस्टेलमध्येच होती; होस्टेलला आता इंटरनेट आलं होतं. “मी नळाशी उभी आहे. अजून सोडला नाहीये. म्हटलं, एकटीने नको.”

“सोड,” उल्का म्हणाली. तिचाही आवाज कुजबुजताच निघाला.

फोनमध्ये चावी फिरल्याचा किर्र आवाज झाला. मग काहीच नाही. गाडी पुलावरून वळत होती, माणसं एका बाजूला कलली, इरा आईच्या अंगावर रेलली. काहीच नाही. नळाने एकदा ठसका दिला, हवा सोडली, पुन्हा गप्प झाला. उल्काने डोळे गच्च मिटले. आणि मग धार लागली. पत्र्याच्या बादलीत, आधी खडखडत, मग भरदार, मोठ्या आवाजाची धार. मेधा काहीतरी बोलत होती, रडत होती की हसत होती कळत नव्हतं. आवाज पाण्याखाली गेला होता. डब्यातली माणसं वळून बघायला लागली. इराचे कान लाल झाले.

“ममी! टर्न डाउन, लाह. इट्स जस्ट वॉटर, व्हॉट.”

“हो,” उल्का म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. “नुसतं पाणी.” तिने फोन आणखी वर धरला. धार पडत राहिली. आणि त्या धारेमागून, खोलीच्या आतल्या बाजूने, पांघरुणात गुरफटलेला एका मुलीचा आवाज आला, झोपेतला, वैतागलेला:

“दीदी, नल बंद करो ना. सोने दो.”